शंका ऐकून घेणाऱ्या हेमाताई

सौ. हेमलता खांबेटे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हेमाताई, पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी त्यांना बलदियाच्या इन्स्पेक्टर समजलो होतो. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. खाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला या शब्दाने काय होते ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

शहराच्या करामा भागात आमचे डब्यांचे स्वयंपाकघर आहे. माझी पत्नी सुमन ते चालवते आणि मी काळजी करतो, असे आमचे कामाचे वाटप आहे. त्या दिवशी दुपारची गर्दी ओसरली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात काळी बॅग अशा एक बाई दारात उभ्या राहिल्या आणि तांदळाच्या पोत्यांवरच्या फळीकडे टक लावून पाहू लागल्या. मी आत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंना डोक्यावरची जाळी नीट करायला सांगितली, फ्रिजवरचा तापमानाचा आकडा पाहिला आणि बाहेर येऊन म्हणालो, "मॅडम, लायसन्स भिंतीवर लावलंय. सगळं रिन्यू आहे."

त्या म्हणाल्या, "लायसन्स राहू द्या, काका. जेवायला काय आहे? अल ऐनहून आलेय, सकाळपासून नुसता चहा झालाय." मग फळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ते वर घरघर करतंय ते काय?"

ते घरघरणारे यंत्र म्हणजे आमचा सर्व्हर. हेमाताई अल ऐनच्या एका कॉलेजात असली यंत्रे सांभाळतात, हे मला त्या जेवायला बसल्यावर कळले. त्यांनी आधी वालाचे बिरडे मागून घेतले, दोन वाट्या खाल्ले आणि मग खुर्चीवर चढून त्या यंत्रावरची पिठाची धूळ आपल्या रुमालाने पुसली. मी नको नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "काका, याचं वय झालंय. याची आबाळ करू नका."

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी लिहावे असे संपादक मंडळींनी सांगितले तेव्हा मी दोन वेळा नाही म्हणालो. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. अंकात प्राध्यापक लिहिणार, इंजिनियर लिहिणार, आणि त्यांच्यामध्ये माझा लेख म्हणजे पंगतीत चुकीच्या पाटावर बसल्यासारखे होईल अशी भीती वाटली. पण सुमन म्हणाली, "तुम्ही नाही लिहिलंत तर तो ईदचा प्रसंग कोण सांगणार?" ते खरे होते. म्हणून लिहितो आहे. काही राहिले किंवा चुकले तर हेमाताईंनी सांभाळून घ्यावे, त्यांना माझे सांभाळून घ्यायची सवय आहे.

आधी आमच्या कामाविषयी थोडे सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. आमच्याकडून डबे जातात त्यात बॅचलर मंडळी आहेत तशी आजारी आणि पथ्याची माणसेही आहेत. कोणाला मीठ कमी, कोणाला साखर बंद, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, एका आजोबांना पोळी कुस्करून लागते. हे सगळे त्या यंत्रात भरलेले असते आणि दर खेपेला प्रत्येक डब्यासाठी एक चिठ्ठी छापून येते. पहिल्या ओळीत काय द्यायचे, आणि काही टाळायचे असेल तर ते दुसऱ्या ओळीत. शेवंताबाई आणि त्यांच्या हाताखालच्या बायका ती मराठी चिठ्ठी वाचून डबा भरतात आणि वर चिकटवतात.

यातली एक चिठ्ठी प्रियांकाची. ही साताऱ्याकडची मुलगी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे, पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडकतो. पहिल्याच दिवशी तिने हे सुमनला समजावून सांगितले होते आणि सुमनने तिचा हात धरून सांगितले होते, "बाळा, आमच्या हातून तुला काही होणार नाही." आता तुम्हीच सांगा, मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट कुठे नसते? कोशिंबिरीत असते, वांग्याच्या भाजीत असते, उपवासाच्या पदार्थांत तर तेच असते. शेवंताबाईंचा हात कुटाच्या डब्याकडे आपोआप जातो. त्या हाताला थांबवणारी गोष्ट म्हणजे ती चिठ्ठी. म्हणून त्या यंत्राची मला इतकी धास्ती.

मग एकदा बँकेचे नवे कार्ड मशीन बसवायला आलेल्या माणसाने सांगितले की आमचा सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो ती फार जुनी झाली आहे, नवे मशीन तिच्याशी जोडले जाणार नाही. शिवाय अशा जुन्या प्रणालीत बाहेरून कोणीही शिरू शकतो, कारण तिची डागडुजी करणे कंपनीने केव्हाच थांबवले आहे. आमचा मुलगा नितीन एका शिपिंग ऑफिसात आहे. त्याने घरी येऊन अपग्रेडचे बटण दाबून पाहिले. पडद्यावर उत्तर आले की इतक्या जुन्या आवृत्तीला ही सोय नाही. दुकानात विचारले तर दुकानदार म्हणाला, "चाचा, इसको फेंक दो. नया ले लो, सब डेटा फिर से डालो." सगळे पुन्हा भरायचे, म्हणजे एखादी ओळ राहिली तर? माझी झोप उडाली. सुमन म्हणाली, "मला कूस बदलायला जागा ठेवा निदान." शेवटी तिनेच हेमाताईंना फोन केला.

ईदच्या सुट्टीत हेमाताई आल्या. सुट्टी त्यांचीही होती, पण आमचे डबे त्या दिवसांत कमी असतात म्हणून त्यांनी तोच दिवस निवडला. एक जुना लॅपटॉप सोबत आणला होता. मी खुर्ची पुसून दिली. वाटले, आता त्या कामाला लागतील. पण त्यांनी मला समोर बसवले आणि विचारले, "काका, तुम्हाला कशाकशाची भीती वाटते ते सांगा."

मी नितीनकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "ताई, यू डोन्ट वॉन्ट टू स्टार्ट दॅट. संध्याकाळ होईल."

"होऊ दे," हेमाताई म्हणाल्या. "रोज हे यंत्र वापरणाऱ्या माणसाची भीती मला आधी कळायला हवी. बोला, काका."

माझ्या आयुष्यात माझ्या काळजीवर लोक हसले आहेत, चिडले आहेत, सुमनने तर माझे नाव चिंतामणी असायला हवे होते असे चारचौघांत सांगितले आहे. पण भीती सांगा, मी ऐकते आहे, असे कोणी म्हटले नव्हते. मी सांगत गेलो. मध्येच वीज गेली तर? नावे पुसली गेली तर? एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर छापली तर? चिठ्ठी अर्धीच आली तर? प्रिंटर रुसला तर? यंत्र पुन्हा सुरूच झाले नाही तर? त्या मान डोलवत राहिल्या. एकदाही "असं काही होत नाही हो" म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी सर्व्हरमधल्या सगळ्याची प्रत काढली. मी म्हणालो, "म्हणजे बॅकअप झाला, आता धोका नाही." त्या म्हणाल्या, "अजून नाही झाला. प्रत काढली म्हणजे बॅकअप नव्हे, त्या प्रतीवर काम चालवून दाखवलं की बॅकअप." आणि खरोखरच ती प्रत त्यांनी आणलेल्या लॅपटॉपवर उभी केली, प्रिंटर त्याला जोडला, दुपारच्या चिठ्ठ्या त्यावरून छापल्या आणि दुपारचे डबे त्या चिठ्ठ्यांवर पाठवले. मगच मूळ यंत्राला हात लावला.

काम कसे करणार ते त्यांनी आम्हाला आमच्या भाषेत सांगितले. जुन्या आवृत्तीवरून एकदम नव्यावर उडी मारता येत नाही. मधल्या प्रत्येक आवृत्तीवर थांबत जावे लागते. त्या मधल्या आवृत्त्यांचे सामान कंपनीने नेहमीच्या दुकानातून काढून मागच्या गोदामात टाकलेले असते. यंत्राला त्या गोदामाचा पत्ता माहीत नसतो, तो आपण हाताने लिहून द्यायचा. बटण चालले नाही ते म्हणून.

सुमन म्हणाली, "म्हणजे दुधाचं एकदम तूप होत नाही, तसंच ना? साय, विरजण, लोणी, सगळं व्हायला लागतं."

हेमाताई टाळी देत म्हणाल्या, "काकू, मी कॉलेजात आता हेच सांगणार. तुमचं नाव घेऊन."

एकेका टप्प्याला बराच वेळ लागत होता. पडद्यावर ओळी सरकत राहत. त्या वेळात हेमाताई काय करत होत्या? वाल सोलत होत्या. सुमनने भिजवून मोड आणलेले वाल परातीत घेतले होते, तिथे त्या शेवंताबाईंच्या शेजारी पाटावर बसल्या. मला फार संकोच वाटला. त्या म्हणाल्या, "काका, मी नेहमी काहीतरी हातकाम घेऊन बसते. कॉलेजात विणकाम असतं. हात रिकामे राहिले की नको ती बटणं दाबली जातात." यंत्र मध्येच एखादा प्रश्न विचारी, अमुक जुने ठेवू की नवे घेऊ. मग त्या हात पुसून उठत, तो प्रश्न सावकाश वाचत, मला विचारत, "हे तुम्ही कशासाठी वापरता?" आणि माझे ऐकून मगच उत्तर देत.

दुपार कलली तेव्हा शेवटचा टप्पा पार पडला. यंत्र नव्या रूपात सुरू झाले. हेमाताईंनी चार चिठ्ठ्या छापून पाहिल्या, चारही स्वच्छ. नितीनने टाळ्या वाजवल्या. सुमनने शिरा केला होता तो वाट्यांत घातला. नितीन म्हणाला, "खलास! झालं काम. बाबा, आता तरी हसा."

हेमाताईंनी शिऱ्याची वाटी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "खलास नाही अजून. काका, सकाळच्या शंका पहिल्यापासून पुन्हा सांगा."

सगळ्यांच्या देखत पुन्हा तेच सांगायचे म्हणजे मला लाजल्यासारखे झाले. पण त्यांनी विचारले म्हणून सांगू लागलो. मी एक शंका सांगायची आणि त्यांनी ती यंत्रावर तपासून पाहायची. वीज बंद करून पुन्हा सुरू केली, ठीक. नावे मोजली, ठीक. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला गेली का ते पाहिले, ठीक. मी म्हणालो, "चिठ्ठी अर्धीच आली तर?"

"दोन ओळींची चिठ्ठी कोणाची आहे?" त्यांनी विचारले.

"प्रियांकाची," सुमन म्हणाली.

प्रियांकाची चिठ्ठी छापली. पोळी, भाजी, कोशिंबीर. खाली कोरे. दाण्याचे कूट टाळा, ही दुसरी ओळ नव्हतीच.

सगळ्यांनी शिऱ्याच्या वाट्या खाली ठेवल्या. ईदची सुट्टी शहराला असते, हॉस्पिटलला नसते. प्रियांकाची ड्यूटी होती आणि तिचा डबा संध्याकाळच्या खेपेत जायचा होता. ओट्यावर काकडीची कोशिंबीर तयार होती आणि शेजारी कुटाचा डबा उघडा होता. सुमनने त्याचे झाकण लावले.

हेमाताईंनी ती चिठ्ठी हातात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "ही माझी चूक आहे. मी पाहिल्या त्या चारही चिठ्ठ्या एका ओळीच्या होत्या. काकांनी सकाळी सांगितलं होतं, मी तेव्हाच दोन ओळींची चिठ्ठी मागायला हवी होती."

खाली गाडी लागली होती. डबे नेणारे बशीरभाई जिन्यावरून ओरडले, "चाचा, यल्ला, चलो! ईद के दिन भी लेट करोगे क्या?"

नितीन घाईने म्हणाला, "ताई, सिम्पल आहे. प्रियांकाची चिठ्ठी हाताने लिहू. बाकीचं उद्या बघू."

"प्रियांकाची तुम्हाला पाठ आहे म्हणून लिहाल," हेमाताई म्हणाल्या. "ज्यांची पाठ नाही त्यांचं काय? त्या ओळी गेल्यात हे तुम्हाला कळणार कसं?" मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "काका, आजचे डबे जुन्यावर जातील. मागे यायची वाट आपण सकाळीच करून ठेवली आहे."

त्यांनी प्रिंटर काढून पुन्हा लॅपटॉपला जोडला. दिवसभराची मेहनत बाजूला ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही त्रागा नव्हता. एकेक चिठ्ठी बाहेर येऊ लागली, दोन ओळींच्या दोन ओळी. शेवंताबाईंनी प्रियांकाची चिठ्ठी मोठ्याने वाचली, कूट न घातलेली कोशिंबीर वेगळ्या वाटीत काढली आणि डबा बंद केला. बशीरभाई गेले. मग मी खुर्चीवर बसलो. हेमाताईंनी शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खा, काका. आज तुमच्या भीतीने आपल्या सगळ्यांना वाचवलं." असे वाक्य मला कोणी म्हणेल हे मला कधी वाटले नव्हते. सुमनच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती म्हणाली, "ताई, एवढं बोलू नका, आता हे चोवीस तास काळजी करतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाताई अल ऐनहून पुन्हा गाडी चालवत आल्या. कारण साधे निघाले. जुन्या यंत्रातला मराठी अक्षरांचा संच नव्यात नव्हता, यंत्राने आपल्या मनाने दुसरा घेतला होता, आणि त्याची अक्षरे थोडी मोठी असल्यामुळे दुसरी ओळ कागदाच्या खाली घसरत होती. जुना संच प्रतीमधून काढून बसवला आणि काम झाले. तरी त्यांनी एकूण एक चिठ्ठी छापायला लावली. सुमन जुनी वाचायची, हेमाताई नवी वाचायच्या. सुमन डोळे बारीक करून वाचते हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. जाताना पडद्यावरची अक्षरे तिच्यासाठी मोठी करून गेल्या, आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यायची शपथ घालून गेल्या.

प्रियांकाला यातले काहीच माहीत नाही. तिचा डबा नेहमीसारखा धुतलेला, पुसलेला परत आला. हा अंक तिच्या हाती पडला तर तिला कळेल की त्या संध्याकाळी तिच्यासाठी कोण उभे राहिले होते.

त्यांच्या कॉलेजातले एक तरुण सहकारी कधी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांनी सांगितले की मॅडम नव्या माणसाला आधी मागे कसे यायचे ते शिकवतात, पुढे कसे जायचे ते नंतर. एकदा या सहकाऱ्यांच्याच हातून एक महत्त्वाची गोष्ट पुसली गेली तेव्हा मॅडमनी वरच्या साहेबांना एवढेच कळवले की आमच्या विभागाकडून चूक झाली आहे आणि आम्ही ती दुरुस्त करत आहोत. कोणाकडून, हे त्यांनी सांगितले नाही. ते गृहस्थ हे सांगताना जेवायचे थांबले होते. मला आश्चर्य वाटले नाही. मी हेमाताईंना स्वतःची चूक शेवंताबाईंसमोर, खाली बशीरभाईंची गाडी लागली असताना, मोठ्याने सांगताना पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या ईदनंतरच्या शनिवारी माझ्या फोनवर त्यांच्या आवाजातला एक निरोप आला. "काका, मी इथून तुमचं यंत्र पाहिलं. ठीक आहे. झोपा शांत." मी काही विचारले नव्हते. पण मी विचारणार होतो, आणि विचारायला लाजतो आहे, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हापासून दर शनिवारी तो निरोप येतो. हेमाताई सुट्टीवर पुण्याला गेल्या असल्या तरी येतो. सुमन म्हणते, रक्तदाबाच्या गोळीपेक्षा याचा गुण जास्त आहे. मी तो निरोप दोनदा ऐकतो. पहिल्यांदा यंत्रासाठी, दुसऱ्यांदा उगीच.

आता हेमाताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना शुभेच्छा द्यायच्या, तर मला मोठे शब्द सुचत नाहीत. मला शंकाच सुचतात. त्यांनी त्या ऐकून घेण्याची सवय लावली आहे, तर आजही पहिल्यापासून सांगतो.

हेमाताई, हिवाळ्यात सकाळी अल ऐनच्या रस्त्यावर धुके असते, त्यात गाडी काढू नका. कामाच्या नादात नुसत्या चहावर दिवस काढता, ते आता चालणार नाही. खुर्चीवर चढून फळीवरचे यंत्र स्वतः पुसू नका, नितीनला सांगा. तुमच्या गुडघ्यांविषयी तुम्ही काही बोलत नाही, पण पाटावरून उठताना तुम्ही भिंतीला हात लावता हे मी पाहिले आहे. सगळ्यांसाठी मागे यायची वाट करून ठेवता, तशी स्वतःसाठी विश्रांतीची जागाही ठेवा. वाल सोललेले तयार असतील, तुम्ही फक्त जेवायला या. तुमचे डोळे, तुमचे हात आणि तुमचा हा सावकाशपणा परमेश्वराने पुष्कळ वर्षे जसाच्या तसा ठेवावा.

आणि एक विनंती. शनिवारच्या निरोपात यंत्राचे आता राहू दे. तुम्ही ठीक आहात, एवढेच सांगत जा. मी दोनदा ऐकेन.